लेखक-भेटीचे कार्यक्रम: सहीला दोन स्टार, आवाजाला पाच

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांची सुटका. लेखकाला प्रत्यक्ष भेटायचे जे कार्यक्रम असतात ना, पुस्तकांच्या दुकानात, लायब्ररीत, लिटफेस्टला, हल्ली व्हिडिओवर पण, त्या सगळ्या प्रकाराला मिळून माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पण अट एकच, लेखक किंवा लेखिका स्वतःच्या पुस्तकातलं काहीतरी मोठ्याने वाचून दाखवणार असेल तर. नुसत्या स्टेजवर बसून गप्पा आणि मग सह्या असं असेल तर तीन. आणि फक्त सह्या असतील तर दोन, ते पण जरा हात सैल सोडून.

बरेच जण अशा ठिकाणी सहीसाठी जातात नाहीतर फोटोसाठी. मी पण सही घेते, घेत नाही असं नाही. पण नंतर पुस्तक परत उघडलं की त्या सहीकडे कोण बघतंय, पान उलटून आपण पुढे जातो. कानात मात्र त्या माणसाचा आवाज बसलेला असतो आणि तो पुढची दोनशे-तीनशे पानं सोबत चालतो. माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमात वसूल काय होत असेल तर ते हेच, बाकी सगळं बोनस.

होतं काय, आपण मनातल्या मनात वाचतो तेव्हा पण डोक्यात कुठला तरी आवाज चालू असतोच. बहुतेक वेळा तो आपलाच, आपल्याच स्पीडचा. मी तर भराभर वाचणारी, संवाद आले की अजूनच पळते, वर्णन आलं की डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर. मग तेच पान लेखकाच्या तोंडून ऐकलं की कळतं, अरे, हा माणूस इथे थांबतो. स्वल्पविराम पण नाहीये तिथे, तरी थांबतो. आणि जिथे मला वाटलं होतं की फार गंभीर काहीतरी चाललंय तिथे तो चक्क गालात हसतोय. एका कादंबरीत बाप आणि मुलाचं फोनवरचं बोलणं आहे, ते मी वाचताना सरळसरळ भांडण म्हणून वाचलं होतं, दोघं एकमेकांवर ओरडतायत असंच डोक्यात होतं. लेखकाने ते वाचलं एकदम खालच्या आवाजात, जवळजवळ पेंगत, जणू दोघं दमलेत आणि हेच बोलणं त्यांचं याआधी पण कितीतरी वेळा झालंय. एका वाक्याला तर हॉलमधले लोक हसले. परत वाचायला घेतली तेव्हा ती कादंबरी मला वेगळीच लागली, बाप आधी खडूस वाटायचा तो आता थकलेला वाटायला लागला, आणि त्यामुळे शेवटी तो जे करतो ते पटलं. पुस्तकातला एक शब्द बदलला नव्हता.

हे फक्त मलाच होतं असं समजू नका, याच्यावर प्रयोग पण झालेत. १९७७ मध्ये कॉसलिन आणि मॅट या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आधी दोन जणांचं बोलणं ऐकवलं, एक भरभर बोलणारा आणि एक सावकाश. मग उतारे वाचायला दिले आणि सांगितलं की हा याने लिहिलाय, हा त्याने. तर मोठ्याने वाचताना लोक सावकाश बोलणाऱ्याच्या नावावर खपवलेला उतारा खरोखरच सावकाश वाचत होते. म्हणजे नुसतं कुणाचं लिहिलेलं आहे हे कळलं आणि त्याचा आवाज आधी ऐकलेला असला तरी वाचायचा वेग हलतो. मला हे वाचून एकदम बरं वाटलं, कारण तोपर्यंत मी हे कुणाला सांगितलं की लोक म्हणायचे तू जरा जास्तच मनावर घेतेस.

अजून एक गंमत, आणि ही फुकटातली टिप समजा. लेखक वाचत असतो तेव्हा पुस्तक उघडून, पेन्सिल हातात घेऊन बसायचं. आजूबाजूचे जरा विचित्र बघतात, बघू देत. लेखक छापलेलं जसंच्या तसं कधीच वाचत नाहीत असा माझा अनुभव आहे. मधेच एखादं विशेषण गाळतात, अख्खं वाक्य उडवतात, कधी दोन परिच्छेद सोडून थेट पुढे. वेळ वाचवायला करत असतील असं आपल्याला वाटतं, पण काही गाळणं वेळेसाठी नसतं, ते वाक्य त्यांना आता आवडत नसतं एवढंच. एका लेखिकेला मी नंतर विचारलं की तुम्ही अमुक वाक्य सोडलंत, तर ती हसून म्हणाली, तुमच्या लक्षात आलं होय, ते वाक्य मला छापून आल्यापासून टोचतंय. आता त्या पानावर आलं की मी पण ते वाक्य सोडून वाचून बघते, आणि खरं सांगू, तिचं बरोबर आहे.

हे फॅड काही आजचं नाहीये. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून तिकीट लावून स्वतःच्या गोष्टी वाचून दाखवायचा, आणि त्यासाठी त्याने वेगळ्या प्रतीच बनवून घेतल्या होत्या, त्यात वाक्यं खोडलेली, काही ठिकाणी नवीन घातलेली, बाजूच्या समासात कुठे कसा आवाज काढायचा याच्या सूचना. म्हणजे छापील पुस्तक वेगळं आणि वाचायचं पुस्तक वेगळं. १८६७-६८ च्या अमेरिका दौऱ्यात त्याच्या तिकिटांसाठी लोक थंडीत रात्रभर लाईनीत थांबले होते. आणि त्या लोकांनी गोष्टी आधी वाचलेल्याच होत्या हां, शेवट काय होतो हे माहीत असून थांबले होते. आता काय होणार हे माहीत असताना माणूस रात्रभर का थांबेल, तर तो कसं सांगतोय ते ऐकायला.

आता हे पण मान्य केलं पाहिजे की सगळ्यांना वाचता येत नाही. काही लेखक इतके पुटपुटतात की पहिल्या रांगेत बसून पण काही पोचत नाही. काही जण उलट, एकदम नाटकी, प्रत्येक ओळ अशी टाकतात की पुढे टाळी यायलाच पाहिजे. कविता वाचताना तर एक ठरलेला सूर लागतो काही जणांचा, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज वर लटकलेला, तो सुरू झाला की मी मनातून बाहेर पडते. पण गंमत म्हणजे वाईट वाचनातून पण काहीतरी मिळतंच. ज्या पानावर लेखक घाईघाईने पुढे गेला, जिथे त्याचा आवाज जरा अडकला, ते पान मी घरी जाऊन पहिलं उघडते. तिथे बऱ्याचदा काहीतरी असतं.

ज्यांचे आवडते लेखक आता हयात नाहीत त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, रेकॉर्डिंग शोधा. टेनिसनने १८९० मध्ये एडिसनच्या मेणाच्या सिलिंडरवर स्वतःची कविता वाचलेली आहे, ती आजही ऐकायला मिळते. खरखर इतकी आहे की अर्धे शब्द कळत नाहीत, पण ठेका कळतो, आणि त्या कवितेत ठेका हीच अर्धी गोष्ट आहे. समोर बसून ऐकण्याची सर नाही याला, पण शून्यापेक्षा खूपच बरं.

बरं, आता गप्पांच्या भागाकडे येऊ. इथे सगळं अवलंबून असतं मुलाखत घेणाऱ्यावर. लेखक कितीही मोठा असला तरी समोरचा माणूस पुस्तक न वाचता आलेला असेल तर तासभर फुकट. हे ओळखायचं कसं तर पहिला प्रश्न ऐकायचा. ‘तुमचा लेखनप्रवास कसा सुरू झाला’ असा आला की समजायचं नुसता ब्लर्ब, म्हणजे मागच्या कव्हरवरचा मजकूर, वाचून आलेत. ‘तिसऱ्या प्रकरणात निवेदक अचानक का बदलतो’ असा आला की पाठ टेकून मस्त बसायचं. मग एक तिसरा प्रकार, ज्यांना लेखकापेक्षा स्वतःलाच जास्त बोलायचं असतं, प्रश्न दोन मिनिटांचा आणि त्यात स्वतःच्याच पुस्तकाचा उल्लेख दोनदा. अशा एका सेशनला मी बसले होते, लेखिका बिचारी पाण्याचा ग्लास उचलायची, ठेवायची, परत उचलायची. शेवटी तिने मधेच म्हटलं, मी एक पान वाचू का? अख्ख्या हॉलची सुटका झाली.

चांगल्या गप्पा झाल्या तर मात्र खजिना असतो. कुठलं पात्र आधी सुचलं, कुठलं प्रकरण काढून टाकलं, पहिल्या खर्ड्यात शेवट काय होता, गोष्ट आधी प्रथमपुरुषी होती का, असल्या गोष्टी पुस्तकात कुठे लिहिलेल्या नसतात. एका रहस्यकथा लिहिणाऱ्याने सांगितलं की खुनी कोण हे त्याला स्वतःलाच अर्धं पुस्तक होईपर्यंत ठरवता येत नव्हतं, त्यामुळे पहिल्या अर्ध्या भागात तो प्रत्येकावर सारखाच संशय घेत लिहीत होता. आता ते पुस्तक परत वाचताना पहिला अर्धा भाग किती प्रामाणिक वाटतो बघा, कारण तिथे खोटे धागेदोरे पेरलेलेच नाहीत, लेखकच चाचपडतोय.

पण इथे जरा सांभाळून. लेखकाने सांगितलं म्हणजे तोच अर्थ, असं धरून चाललं की वाचायची मजा गेली. याच्यावर तर समीक्षकांनी कधीचं भांडून ठेवलंय. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये मांडलं की लेखकाच्या मनात काय होतं हा साहित्यकृती तपासायचा निकष होऊ शकत नाही, आणि १९६७ मध्ये रोलां बार्थने तर लेखकाचा मृत्यूच जाहीर केला, म्हणजे अर्थ वाचणाऱ्याच्या हातात. एलेना फेरान्ते या टोपणनावाने लिहिणारी लेखिका तर पहिलं पुस्तक यायच्या आधीच, १९९१ मध्ये, प्रकाशकाला कळवून मोकळी झाली की पुस्तक लिहून झालं की त्याला लेखकाची गरज नसते, मी प्रचाराला वगैरे येणार नाही. आणि आली नाही. तिची पुस्तकं जगभर वाचली गेली, कुणाचं काही अडलं नाही.

मला या लोकांचं बऱ्यापैकी पटतं. एकदा लेखकाने स्वतःच्या कथेतल्या पावसाचा अर्थ सांगितला आणि माझ्या मनातला पाऊस उगाच छोटा झाला. म्हणून तर मी म्हणते की अर्थ विचारायला जाऊच नका. ‘शेवटी ती परत येते का हो’ असं विचारणारे असतात दरवेळी एक-दोन, आणि लेखक जर भोळा असेल तर उत्तर देऊन टाकतो, मग सगळ्यांचाच शेवट बंद. आवाजाचं तसं नाही. आवाज अर्थ सांगत नाही, तो फक्त चाल दाखवतो, अर्थ आपला आपण लावायचा. म्हणून बार्थ पण बरोबर आणि मी पण बरोबर, असं आपलं मी ठरवून टाकलंय.

प्रश्नोत्तरांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये काय होतं. माईक पहिला ज्याच्याकडे जातो त्याला प्रश्न नसतोच, ‘प्रश्न नाही, फक्त एक मत मांडायचंय’ असं म्हणून गृहस्थ सुरू. दुसऱ्याला स्वतःची कादंबरी छापायची असते. तिसरा विचारतो तुम्ही सकाळी लिहिता की रात्री. माझा अनुभव असा की प्रश्न जितका बारीक, उत्तर तितकं भारी. ‘तुमची प्रेरणा काय’ याला लेखकाकडे पाठ केलेलं उत्तर असतं, आधी दहा ठिकाणी दिलेलं. ‘त्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही नाव का दिलं नाही’ असं विचारलंत तर तो दोन सेकंद गप्प होतो, आणि मग जे येतं ते ताजं असतं. पान नंबर सांगून विचारलंत तर सोन्याहून पिवळं.

ज्या प्रकाराला मी डोळे झाकून पाच स्टार देते तो म्हणजे लेखक आणि अनुवादक दोघं एकत्र स्टेजवर. फार कमी होतात असे कार्यक्रम पण दिसला की सोडू नका. आधी लेखक मूळ भाषेत एक उतारा वाचतो, आपल्याला ओ की ठो कळत नाही, पण वाक्य कुठे लांबतंय, कुठे तुटतंय, कुठे एकच आवाज परत परत येतोय ते कळतं. मग अनुवादक तोच उतारा वाचतो आणि आपण बसल्या बसल्या ताडून बघतो की हे सगळं इकडे आलं का. एका अनुवादिकेने सांगितलं की मूळ वाक्य अख्ख्या पानाचं होतं, तिने ते तोडलं नाही म्हणून संपादकाशी वाद झाला. हे ऐकल्यावर मी तेच पान, जे आधी मी कंटाळून अर्धवट सोडलं होतं, एका दमात वाचलं. अनुवादकाला हल्ली जरा मान मिळायला लागलाय, आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम २०१६ पासून लेखक आणि अनुवादकात अर्धी-अर्धी वाटली जाते, पण कार्यक्रमाच्या पोस्टरवर अजूनही अनुवादकाचं नाव भिंग लावून शोधायला लागतं. असो.

आता सही. रांगेत उभं राहायचं, मधेच कुणीतरी येऊन छोटी चिठ्ठी देतं, त्यावर नाव नीट अक्षरात लिहून शीर्षकपानावर चिकटवायचं म्हणजे लेखकाला स्पेलिंग विचारायला लागू नये. पुस्तक त्याच पानावर उघडून धरायचं. मग आपला नंबर आला की ‘मला तुमचं लेखन फार आवडतं’ एवढं तोंडातून बाहेर पडेपर्यंत सही झालेली, फोटो झालेला, आणि शेजारचा स्वयंसेवक पुढच्याला बोलावतोय. लांबच लांब रांग लावून देवळात मुखदर्शन घेतल्यासारखं. यात लेखकाची काही चूक नाही, दोनशे लोक उभे असतील तर करणार काय. पण याने वाचन समृद्ध वगैरे होतं असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं.

त्यात सही म्हणजे भेट हे पण आता खरं राहिलेलं नाही. सही केलेली प्रत म्हणून जी आगाऊ बुकिंगला मिळते त्यात बऱ्याचदा लेखकाने सुट्या कागदांवर हजारो सह्या करून पाठवलेल्या असतात आणि ते कागद छापखान्यात पुस्तकात बांधले जातात, म्हणजे लेखकाने ती प्रत हातात पण धरलेली नसते. बुकप्लेट म्हणजे तर नुसतं स्टिकर. आणि २०२२ मध्ये जो घोळ झाला तो आठवत असेलच, गायक-गीतकार बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ५९९ डॉलरच्या ‘स्वतः सही केलेल्या’ प्रती मशीनने सही केलेल्या निघाल्या. लोकांनी एकमेकांच्या सह्यांचे फोटो ताडून पाहिले तर त्या तंतोतंत सारख्या. प्रकाशकाला पैसे परत करायला लागले, डिलनने पण माफी मागितली. त्यामानाने कॅनडाची लेखिका मार्गारेट ॲटवुड हिचं मशीन प्रामाणिक होतं. पुस्तकाच्या दौऱ्यांना वैतागून तिला २००४ मध्ये कल्पना सुचली की लांब बसून सही करता आली पाहिजे, आणि त्यातून लाँगपेन आलं, २००६ मध्ये ते लंडनला लोकांना दाखवलं. लेखक आपल्या घरी पेन चालवणार, इकडे यंत्राचा हात पुस्तकावर तशीच सही उठवणार, आणि स्क्रीनवर दोघांचं बोलणं पण होणार. कल्पना मला अजिबात वाईट वाटत नाही. त्यात बोलणं होतं ना, बास.

सहीच्या रांगेला दोन स्टार दिलेत ते खरं तर लहान मुलांमुळे. मुलांच्या पुस्तकांच्या लेखकाकडे मुलं येतात ते बघायला मी मुद्दाम थांबते. मुलांना आधी हेच माहीत नसतं की पुस्तक कुणीतरी माणूस बसून लिहितो, त्यांच्यासाठी ते नळाच्या पाण्यासारखं, येतं म्हणजे येतं. समोर एक काकू बसल्यात आणि हत्तीची गोष्ट यांच्या डोक्यातून आलीये हे कळल्यावर जे चेहरे होतात ना! आणि प्रश्न तर मोठ्यांपेक्षा शंभर पटीने चांगले. तुमचा हात दुखतो का. हत्तीला जखम झाली तेव्हा तुम्हाला पण वाईट वाटलं का, मग तुम्हीच का केलीत. चित्रात शेपटी नाहीये, विसरलात का. एका मुलीने विचारलं की मी तुम्हाला एक गोष्ट दिली तर तुम्ही लिहाल का, आणि लेखिका म्हणाली, तूच लिही, मी वाचेन. मुलगी तिथेच खाली बसून लिहायला लागली, मागे रांग खोळंबली आणि कुणी काही बोललं नाही. शाळेत लेखकांना बोलवतात तेव्हा पण असंच होतं असं शिक्षक मैत्रिणी सांगतात, ज्या मुलांनी पुस्तकाला हात लावला नव्हता ती निदान एक तरी पुस्तक नाव विचारून घेऊन जातात. पुढे वाचतात का सगळी, नाही वाचत. पण काही वाचतात.

व्हिडिओवरच्या कार्यक्रमांना लोक उगाच नावं ठेवतात. ज्यांना प्रवास जमत नाही, ज्यांच्या घरी लहान बाळ आहे, जे अशा जागी राहतात जिथे कुठला लेखक फिरकत नाही, त्यांच्यासाठी हेच खरं. आवाज इथे पण येतो, हेडफोन लावला तर हॉलपेक्षा चांगला येतो. जातं काय तर हॉलमधलं हसू. लेखक विनोद करतो आणि समोर पूर्ण शांतता, सगळे म्यूटवर, त्याचा चेहरा पडतो आणि मग पुढचं वाचन जरा घाबरत घाबरत. शिवाय चॅटमध्ये लोक ‘आवाज येतोय का’ असं लिहीत बसतात ते वेगळंच. तरी साडेतीन स्टार, रेकॉर्डिंग नंतर ठेवत असतील तर चार.

एक धोका सांगितलाच पाहिजे, भ्रमनिरास. ज्याच्या पुस्तकात इतकी माया आहे तो प्रत्यक्षात स्वयंसेवकावर खेकसतो, असं मी बघितलंय, आणि त्याचं पुस्तक त्यानंतर बराच काळ उघडवत नव्हतं. पुस्तक तेच होतं, तितकंच चांगलं, पण मला प्रत्येक मायाळू वाक्यामागे तो खेकसणारा आवाज यायचा. म्हणजे आवाज बसतो तो असाही बसतो, हे ध्यानात ठेवा. ज्या लेखकावर तुमचं फारच प्रेम आहे त्याला भेटायला जाताना दोनदा विचार करा, हे मी खरंच मनापासून सांगतेय. उलटं पण होतं, ज्याचं लेखन कोरडं वाटायचं तो माणूस इतका मिश्कील निघतो की कोरडेपणा हाच त्याचा विनोद होता हे तेव्हा कळतं.

आणि लेखकाच्या बाजूनेही जरा बघा. दौऱ्यावरचा लेखक म्हणजे रोज नवीन गाव, तेच प्रश्न, तीच पानं. मार्क ट्वेनने कर्ज फेडायला म्हणून १८९५-९६ मध्ये अख्ख्या जगाचा व्याख्यान दौरा केला होता, साठीच्या उंबरठ्यावर. डिकन्सची तर तब्येतच ढासळली, १८६९ मध्ये डॉक्टरांनी दौरा मधेच थांबवला, तरी १८७० च्या मार्चमध्ये त्याने शेवटची वाचनं केलीच आणि जूनमध्ये गेला. तेव्हा एखादा लेखक समोर थकलेला, तुटक बोलणारा वाटला तर लगेच शिष्ट म्हणून शिक्का मारू नका. शक्य असेल तर दौऱ्याच्या सुरुवातीचा कार्यक्रम पकडा, शेवटच्या टप्प्यात उत्तरं पाठ झालेली असतात.

कुणी जावं? ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांनी. न वाचता गेलात तर कार्यक्रम छान वाटेल पण ताडून बघायला डोक्यात काही नसेल, आणि खरी मजा ताडून बघण्यातच आहे. निदान अर्धं तरी वाचून जा, आणि आठवडाभरात परत उघडा, आवाज ताजा असतो तोवर. जागा निवडायची झाली तर छोटी निवडा, तीस-चाळीस खुर्च्यांची लायब्ररी हजार माणसांच्या मंडपापेक्षा कधीही सरस. लिटफेस्टच्या मोठ्या स्टेजवर एका सेशनमध्ये चार-चार लेखक बसवतात, प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं, त्यात वाचन तर नाहीच.

कापलेला स्टार याच गोष्टीचा आहे. वेळ कमी पडला की सगळ्यात आधी कात्री लागते ती वाचनाला. पाहुण्यांची ओळख कापत नाहीत, सत्कार कापत नाहीत, आभार तर कधीच नाही, वाचन मात्र ‘वेळेअभावी’ पाच मिनिटांत उरका. आयोजक कुणी हे वाचत असतील तर जाहिरातीत एक ओळ टाका, लेखक स्वतः वाचणार आहे का आणि किती वेळ. वीस मिनिटं लिहिलं असेल तर मी लांबूनही येईन, सह्यांच्या वेळी निघून पण जाईन, तेवढीच तुमची रांग एका माणसाने कमी.